लॉराचे मौन आणि दोरवाल्याची लेक

पेत्रार्काच्या मालकीची व्हर्जिलची एक पोथी मिलानच्या आम्ब्रोझियाना ग्रंथालयात आहे. तिच्यात त्याच्याच हातचे टिपण आहे: ६ एप्रिल १३२७ रोजी सकाळी आविन्योंच्या चर्चमध्ये लॉरा प्रथम दिसली, १३४८ मध्ये त्याच तारखेला, त्याच घटकेला ती गेली. कवितेत मात्र ती पहिली भेट गुड फ्रायडेची असल्याचे तो सुचवतो. प्रत्यक्षात त्या वर्षी ६ एप्रिलला सोमवार होता. प्रेमकवीला एवढी सूट असावी.

लॉरा खरी की कल्पित, ही शंका त्याचा मित्र जाकोमो कोलोन्ना याने तेव्हाच काढली होती. संग्रहात ३६६ कविता, त्यांत ३१७ सुनीते. (आपल्याकडे केशवसुतांनी रुजवला तोच हा चौदा ओळींचा प्रकार.) तिचे केस, डोळे, हातमोजासुद्धा त्यांत आहे. ती मोकळेपणी बोलते ती मात्र बहुतेक मेल्यावर, त्याच्या स्वप्नात. पुढे दोन-अडीचशे वर्षे युरोपभर याच साच्यातून कविता निघाल्या: तो जळतो आणि ती बर्फ.

१५५५ मध्ये फ्रान्समधल्या लियों या छापखान्यांच्या शहरात लुईज लाबेचे पुस्तक निघाले. बाप दोर वळणारा, नवराही त्याच धंद्यातला. गाव तिला ‘सुंदर दोरवाली’ म्हणे. पुस्तकात २४ सुनीते, पहिले चक्क इटालियनमध्ये. यात जळते ती बाई, आणि काय हवे ते स्वतःच सांगते. अर्पणपत्रिकेत ती बायकांना म्हणते, चात्या-टकळीच्या वर जरा नजर उचला. छपाईचा राजपरवानाही तिच्याच नावाचा.

जिनिव्हाच्या काल्व्हँने तिला बाजारबसवी ठरवले. २००६ मध्ये मिरेय युशों या विदुषीने वेगळाच वार केला: लुईज नावाची बाई होती, पण कविता लियोंच्या पुरुष कवींनी रचून तिच्या नावावर खपवल्या. शैलीतली साम्ये तिने कसून दाखवली आहेत आणि ती उडवून लावण्यासारखी नाहीत. पण एकाच गावात, एकाच साच्यात लिहिणाऱ्यांत साम्य नसते तरच नवल. त्याच न्यायाने पेत्रार्काच्या किती अनुयायांची कविता त्यांच्याकडून काढून घ्यावी लागेल? मला तरी हा पुरावा अपुरा वाटतो.

१५५६ च्या आवृत्तीचे मुखपृष्ठ पाहावे. मुद्रक तोच, जाँ द तूर्न. पुस्तकाच्या नावाखाली त्याने छापले आहे की मजकूर ‘सदर बाईंनी’ तपासून दुरुस्त केला आहे.