ट्यूबलाइटचा कुलवृत्तांत

विजेच्या दिव्याचा इतिहास सांगू लागले की बहुतेक लेखक एडिसनच्या काचेच्या गोळ्यापासून सुरुवात करतात आणि तेथेच थांबतात. वस्तुतः आपल्यापैकी अनेकांच्या शाळा, कचेऱ्या, लग्नाच्या पंगती आणि नाटकांच्या तालमी ज्या उजेडात पार पडल्या, तो त्या गोळ्याचा नव्हे, चार फूट लांबीच्या पांढऱ्या नळीचा. या नळीने आपल्या भाषेला एक वाक्प्रचारही दिला. एखाद्यास उशिरा उमज पडली की त्याची ‘ट्यूब पेटली’ असे आपण म्हणतो. असे असूनही तिचा कुलवृत्तांत मराठीत कोणी सविस्तर लिहिल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

या विषयास निमित्त झाले ते मंडळाच्या जुन्या वास्तूचे. नव्या बांधकामासाठी ती रिकामी करावयाची ठरली, तेव्हा सामानाच्या यादीत ‘विद्युत साहित्य, जुने, नग २६, भंगार’ अशी एकच ओळ होती. सरकारी सेवेत निर्लेखनाच्या फायली हाताळण्यात आमची बरीच वर्षे गेली असल्याने अशा ओळीविषयी आम्हांस स्वाभाविक संशय आहे. वस्तूस भंगार म्हणण्यापूर्वी ती काय आहे हे लिहावे, एवढेच आमचे म्हणणे होते. कार्यकारिणीने पंधरा दिवसांची मुदत दिली. त्यानंतर ठेकेदार यावयाचा होता. ही वास्तू मंडळाहून वयाने मोठी. मंडळाकडे ती आली तेव्हा तिच्यात दिवे होतेच आणि पुढे गरजेप्रमाणे भर पडत गेली. त्यामुळे एकाच छताखाली तीन पिढ्यांच्या पट्ट्या नांदत होत्या.

मूळ पुरुषाचा शोध घेऊ गेल्यास जर्मनीतील बॉन येथील काचकारागीर हाइनरिश गाइसलर याच्यापर्यंत जावे लागते. १८५७ साली त्याने विरळ वायू भरलेल्या नळीतून वीज सोडून ती उजळून दाखविली. दोन वर्षांनी फ्रान्समधील एडमंड बेकेरेल याने अशा नळ्यांत प्रस्फुरक द्रव्ये ठेवण्याचे प्रयोग केले. अमेरिकेतील पीटर कूपर ह्यूइट याच्या पारदवाफेच्या दिव्यास १९०१ साली पेटंट मिळाले. तो उजेड मुबलक देई, परंतु निळसर हिरवा. त्यात माणसाचा चेहरा प्रेतवत दिसे. पाऱ्याच्या वाफेतून निघणारे बरेचसे किरण डोळ्यांस न दिसणारे, अतिनील असतात. नळीच्या आतील बाजूस योग्य भुकटीचा लेप दिल्यास तेच किरण पांढऱ्या प्रकाशात पालटतात, हे सूत्र एडमुंड गेर्मर आणि त्याचे दोन सहकारी यांच्या १९२६ च्या जर्मन पेटंटात आढळते. ते हक्क पुढे अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीने विकत घेतले. त्याच कंपनीत जॉर्ज इनमन याच्या तुकडीने नळी व्यवहारोपयोगी केली आणि १९३८ साली ती बाजारात आली. पाठोपाठ महायुद्ध सुरू झाले. खिडक्या काळ्या करून रात्रपाळी चालविणाऱ्या कारखान्यांना कमी उष्णतेचा आणि सावली न पाडणारा उजेड हवाच होता.

आमच्या सव्वीस नगांपैकी सर्वांत जुने दोन त्याच परंपरेतले निघाले. ते पाच फुटी होते. त्यांच्या दोन्ही टोकांस पिनांची खाच नव्हती. आपल्या साध्या बल्बला असतो तसा खटक्याचा होल्डर होता. ब्रिटनमध्ये युद्धकाळात निघालेली ऐंशी वॅटची नळी अशाच टोप्यांची होती. दोन पिनांची पद्धत सर्वत्र रूढ झाल्यावर ती मागे पडली. पत्र्यावर ‘मेड इन इंग्लंड’ अशी उठावदार अक्षरे होती आणि आतील तारांचे रबर हाताच्या स्पर्शाने चुरा होऊन पडत होते.

इतर पट्ट्यांचे वय ठरविणे अधिक मनोरंजक झाले. नळीची जाडी ही पहिली खूण. कारखानदार ती इंचाच्या आठव्या भागात मोजतात. जुनी टी-१२ म्हणजे दीड इंच व्यासाची, चाळीस वॅटची. तिची धाकटी बहीण टी-८ एक इंचाची, छत्तीस वॅटची. ही सडपातळ नळी सत्तरीच्या दशकाच्या अखेरीस युरोपात निघाली आणि पुढे आपल्याकडेही आली. परंतु नळी बदलता येते, पट्टी तीच राहते; म्हणून केवळ नळीवर विसंबणे म्हणजे सुनेवरून सासूचे वय ठरविण्यासारखे होय. खरी जन्मपत्रिका असते ती चोकवरील लेबलावर. तेथे प्रवाहाची वारंवारता ‘सायकल्स’मध्ये दिली आहे की ‘हर्ट्‌झ’मध्ये, हे पाहावे. हर्ट्‌झ हे एकक आंतरराष्ट्रीय पद्धतीत १९६० साली स्वीकारले गेले आणि जुने नाव त्यानंतरही काही वर्षे रेंगाळले. आयएसआयची मोहोर असल्यास तो चोक पन्नाशीच्या दशकाच्या मध्यापूर्वीचा नव्हे, कारण प्रमाणचिन्हांचा कायदा १९५२ चा आणि मोहोर प्रत्यक्ष उमटू लागली ती त्यानंतर. मात्र १९८७ साली संस्थेचे रूपांतर ब्यूरोमध्ये झाल्यावरही ती मोहोर चालूच राहिली, हे ध्यानात ठेवावे.

सर्वांत उपयोगी ठरला तो पत्ता. एका चोकवर कारखान्याच्या नावाखाली ‘बॉम्बे-१’ असे होते, दुसऱ्यावर सहा आकडी पिन कोड. पिन कोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. परमुलखात राहून घरच्या पत्रांची वाट पाहण्यात ज्यांचा जन्म गेला, त्या आपल्या ज्येष्ठ सभासदांना ही खूण आम्हांस समजावून सांगावी लागली नाही. उलट त्यांनीच ती आम्हांस दाखविली. अशा रीतीने नऊ पट्ट्या मंडळाच्या स्थापनेपूर्वीच्या ठरल्या. उरलेल्या पंधरा नंतरच्या. त्यांतील बऱ्याच इलेक्ट्रॉनिक चोकच्या, म्हणजे स्टार्टर नसलेल्या. त्यांच्याविषयी विशेष लिहिण्यासारखे काही नाही.

चोक आणि स्टार्टर या जोडीविषयी मात्र दोन शब्द लिहिलेच पाहिजेत. बटन दाबताच स्टार्टरच्या कुपीतील दोन धातूंची पट्टी तापून वाकते, मंडल जुळते आणि नळीच्या टोकांतील तारा गरम होतात. पट्टी निवून सुटली की चोकमधून उच्च दाबाचा धक्का बसतो आणि नळी पेटते. पहिला धक्का चुकल्यास पुन्हा तेच. आपल्या वाक्प्रचाराचे मूळ या लुकलुकण्यात आहे. चोकचे हे काम प्रत्यावर्ती प्रवाहावर चालते. कोलकात्याच्या मध्यवर्ती भागात स्वातंत्र्यानंतरही अनेक वर्षे डी.सी. प्रवाह होता. अशा प्रवाहावर केवळ चोक भागत नाही, सोबत रोधक लागतो. शिवाय नळीतील पारा हळूहळू एका टोकास सरकून दुसरे टोक अंधारते, म्हणून अधूनमधून प्रवाहाची दिशा उलटी करावी लागते. कोणा सभासदाकडे तेथून आणलेली जुनी पट्टी असल्यास आणि तिच्यावर दिशा पालटण्याचा खटका आढळल्यास ती कृपया फेकू नये.

ओळख पटली, पुढचा प्रश्न देण्याघेण्याचा. येथे भावनेपेक्षा सावधगिरी श्रेष्ठ. प्रत्येक नळीत पारा असतो आणि जुन्या नळीत तो नव्या नळीपेक्षा कितीतरी अधिक. अगदी आरंभीच्या नळ्यांच्या लेपात बेरिलियमचे संयुग असे; कामगारांच्या फुप्फुसांस त्याचा अपाय होतो असे दिसून आल्यावर अमेरिकन कारखानदारांनी १९४९ साली त्याचा वापर सोडला. जुन्या कपॅसिटरमध्ये पीसीबी नावाचे विषारी तेल असू शकते. भंगारवाला पत्रा आणि तांबे घेतो व नळ्या तेथेच फोडतो, आणि ती धूळ त्याच्या पोराबाळांच्या छातीत जाते. सामान उचलण्याचा सर्वांत स्वस्त देकार असाच होता. तो नाकारावा, यासाठी आम्ही बैठकीत आग्रह धरला. पाऱ्याचे दिवे २०१६ च्या ई-कचरा नियमांपासून त्या नियमांच्या कक्षेत आहेत. त्यानुसार सर्व नळ्या व संशयास्पद कपॅसिटर अधिकृत पुनर्प्रक्रिया केंद्राकडे गेले. खर्च आला आणि त्यावर एका सभासदाने रीतसर हरकतही नोंदविली. ती इतिवृत्तात आहे.

पट्ट्यांना मात्र घरे मिळाली. टी-१२ आणि टी-८ या दोहोंच्या पिनांतील अंतर एकच, तेरा मिलिमीटर. म्हणून जाणकार वायरमनने चोक व स्टार्टर वगळून नवी जोडणी केल्यास त्याच पट्टीत एलईडी नळी बसते. नऊपैकी पाच अशा रीतीने सभासदांच्या घरी लागल्या. दोन आमच्या नाट्यशाखेने साठीच्या दशकातील कचेरीच्या नेपथ्यासाठी मागून घेतल्या. एक, चोक व स्टार्टरसह, शाळेच्या पदार्थविज्ञान प्रयोगशाळेत गेली. मुलांना तो धक्का डोळ्यांनी पाहता यावा म्हणून. उरलेली एक, ‘बॉम्बे-१’ पत्त्याची, ग्रंथालयात जुन्याच नळीवर जळते आहे. तिच्यासाठी चार नळ्या राखून ठेवल्या आहेत, कारण पाऱ्याविषयीच्या मिनामाता कराराच्या २०२३ मधील जिनिव्हा परिषदेत सरळ नळ्यांचे उत्पादन २०२७ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे ठरले आहे.

पाच फुटी दोन नग कोणाच्याच घरात मावले नाहीत. त्यांना बसणारी नळीही मिळाली नाही. ते सध्या कार्यवाहांच्या खोलीत कपाटावर ठेवले आहेत. कोणाकडे खटक्याच्या टोप्यांची ऐंशी वॅटची नळी असल्यास, फुटू न देता, मंडळाच्या कार्यालयास कळवावे.