गोळीने पॉलिप जाईल का?

मूल होण्यासाठी उपचार घेणाऱ्या बाईच्या सोनोग्राफी रिपोर्टमध्ये ‘पॉलिप’ दिसला की पहिला प्रश्न हाच येतो. पॉलिप म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरातून वाढलेला मऊ कोंब. गर्भ जिथे रुजायचा, तिथेच हा ठाण मांडून बसतो.

१८६९ साली पँटालिओनी नावाच्या डॉक्टरने दिव्याच्या उजेडात, नळीतून साठ वर्षांच्या एका बाईच्या गर्भाशयात डोकावून पाहिलं. पाळी जाऊनही तिला रक्तस्राव होत होता. आत पॉलिप दिसला, तो त्याने सिल्व्हर नायट्रेटने डागला. औषधच होतं ते, पण डोळ्यांनी बघून नेमक्या जागी लावलेलं.

पोटात घ्यायच्या औषधांची गोष्ट मात्र विचित्र आहे. १९६२ मध्ये इंग्लंडमधल्या आयसीआय कंपनीत डोरा रिचर्डसन यांनी टॅमॉक्सिफेन बनवलं. हवं होतं संबंधांनंतर घ्यायचं गर्भनिरोधक. उंदरांमध्ये ते जमलंही. बायकांमध्ये त्याने उलट बीज बाहेर पडायला मदत केली! म्हणून ते वंध्यत्वावर वापरलं गेलं आणि पुढे स्तनाच्या कर्करोगावर नावाजलं. मग १९८०च्या दशकात लक्षात आलं, की ते घेणाऱ्या बायकांच्या गर्भाशयात पॉलिप वाढताहेत. स्तनात इस्ट्रोजेनला अडवणारं हे औषध गर्भाशयात इस्ट्रोजेनसारखंच वागतं, आणि पॉलिपला खतपाणी इस्ट्रोजेनचंच.

यावर तोड म्हणून तांबीसारखं, पण प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं हॉर्मोन सोडणारं साधन गर्भाशयात बसवून पाहिलं. टॅमॉक्सिफेन घेणाऱ्यांमध्ये नवे पॉलिप कमी झाले. पण ते साधन मुळात गर्भनिरोधक! अंडाशयाला झोपवणाऱ्या इंजेक्शनांचंही तेच: पॉलिप आक्रसतो, पण तोवर बीजही बंद, आणि इंजेक्शनं थांबली की परिणाम ओसरतो. सदतिशीतल्या बाईचे असे सहा महिने जाणं मला परवडणारं वाटत नाही. बरं, काही छोटे पॉलिप आपोआपच विरतात. तेव्हा श्रेय शेवटच्या गोळीला मिळतं.

२००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात माद्रिदच्या डॉक्टरांनी पॉलिप असलेल्या, आययूआयसाठी थांबलेल्या दोनशेवर बायकांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटात दुर्बिणीतून पॉलिप काढला, दुसऱ्यात नुसता तुकडा तपासायला घेतला. पहिल्या गटात ६३ टक्के गरोदर राहिल्या, दुसऱ्यात २८. पहिल्या गटात दिवस गेलेल्यांपैकी बहुतेकींना तर पहिलं आययूआयही करावं लागलं नाही.