दोन आण्यांचा कर आणि धुराचा हिशेब

मोटारीच्या इंधनावरील कराची चर्चा आपल्याकडे दरवाढीच्या दिवशी पेटते आणि आठवडाभरात विझते. हा कर कोणत्या हेतूने वाढीस लागला, याकडे मात्र क्वचितच लक्ष जाते. आजच्या व्याख्यानात त्या हेतूचाच मागोवा घ्यावयाचा आहे.

पहिल्या महायुद्धानंतर देशात मोटारी वाढल्या. रस्ते मात्र बैलगाडीच्या काळातलेच राहिले. म्हणून १९२७ साली सरकारने रस्तेविकासाचा विचार करण्यासाठी समिती नेमली. पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झालेले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर हे तिचे अध्यक्ष होते. समितीच्या विचाराचे सूत्र साधे होते : जो रस्ता वापरतो, त्याने त्याच्या खर्चाचा वाटा उचलावा. पेट्रोलचा खप हे त्या वापराचे सोयीचे माप. त्यानुसार १९२९ पासून पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर बसला आणि त्यातून रस्तेनिधी उभा राहिला.

या हिशेबात खडी होती, डांबर होते, धूर नव्हता. वास्तविक केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२० मध्येच कारखान्यांच्या धुराने इतरांवर पडणाऱ्या भाराचा प्रश्न मांडला होता आणि अशा उपद्रवावर कराचा उपाय सुचविला होता. आपल्याकडे तो विचार दीर्घकाळ ग्रंथातच राहिला. उलट, शेती व मालवाहतूक यांच्या हितासाठी डिझेल पेट्रोलहून स्वस्त ठेवण्यात आले. हेतू स्तुत्य होता. परंतु त्या सवलतीच्या सावलीत श्रीमंतांच्या मोठ्या मोटारीही येऊन बसल्या. अखेर २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात मोठ्या इंजिनाच्या नव्या डिझेल मोटारींवर किमतीच्या एक टक्का पर्यावरण-आकार बसविला, तेव्हा धुराची नोंद निदान एका खात्यात झाली.

तथापि कर म्हणजे सर्वरोगहर मात्रा नव्हे. इंधन महागले की मोटारवाला एखादी फेरी टाळू शकतो. भाजीच्या टेम्पोला ती टाळता येत नाही. तो बोजा शेवटी गरिबाच्या पिशवीत उतरतो. म्हणून त्याच कराच्या पैशातून वेळेवर धावणारी एस.टी. आणि चालता येईल अशी पाऊलवाट मिळाली, तरच त्या कराला नैतिक अधिष्ठान लाभते.

कराला हेतू हवा आणि हेतूला हिशेब हवा, हा दोन आण्यांचा धडा आहे. आता त्या हिशेबात आपल्या मुलांच्या श्वासाचीही नोंद व्हावी, एवढीच अपेक्षा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.