डॉज, बर्न आणि बाकीचे अंधारातले शब्द

फोटो सुधारायचं सॉफ्टवेअर आयुष्यात पहिल्यांदा उघडणाऱ्या माणसाला शिकवायला कधी बसलायत का? मी अधूनमधून बसतो. (नात्यात एक इंजिनिअर असला की प्रिंटरपासून मिक्सरपर्यंत सगळं त्याच्याच खात्यात येतं. असो.) पहिल्या अर्ध्या तासात एक प्रश्न हमखास येतो. फोटोशॉपच्या पट्टीतल्या एका चित्राकडे बोट दाखवून विचारतात, हे लॉलीपॉप कशाचं? आणि त्याच्या जोडीचा हा मुठीसारखा हात कशाला?

प्रश्न अगदी रास्त आहे, आणि उत्तरासाठी थेट डार्करूममध्ये जावं लागतं.

फिल्मच्या जमान्यात निगेटिव्हमधून एन्लार्जरचा प्रकाश कागदावर पडायचा. जितका प्रकाश जास्त, तितका कागद काळा. समजा चेहरा फार काळवंडतोय, तर तारेच्या टोकाला पुठ्ठ्याची छोटी चकती लावायची आणि ती प्रकाशाच्या वाटेत हलवत राहायची. तेवढा भाग उजळ राहतो. हे डॉज. हलवत राहायची, कारण एका जागी धरली तर चकतीची कड कागदावर उमटते! उलट, आकाश अगदीच पांढरंफटक येत असेल तर बाकीचा कागद हातांनी झाकायचा आणि मुठीच्या फटीतून तेवढ्याच जागी जादा प्रकाश सोडायचा. हे बर्न. म्हणजे आपलं लॉलीपॉप ही ती चकती आणि हात तो हात. प्रकाश अडवला की उजळतं आणि दिला की काळं होतं, हे ज्याने डार्करूम पाहिली नाही त्याला नुसत्या नावावरून कसं कळावं?

'अनशार्प मास्क' तर याहून भारी. नावात 'अनशार्प', पण काम फोटो रेखीव करण्याचं. मूळ निगेटिव्हची मुद्दाम किंचित धूसर पॉझिटिव्ह प्रत काढून ती निगेटिव्हवर ठेवायची आणि दोन्हीतून मिळून प्रिंट काढायची, की कडा ठसठशीत दिसतात. नाव त्या धूसर प्रतीचं आहे, परिणामाचं नाही.

हे शब्द सॉफ्टवेअरमध्ये आले त्याला कारण आहे. थॉमस नोल आणि जॉन नोल हे दोघे भाऊ. वडील ग्लेन नोल मिशिगन विद्यापीठात प्राध्यापक आणि हौशी फोटोग्राफर, घराच्या तळघरात त्यांची डार्करूम. थॉमस तिथेच प्रिंट काढायला शिकला. १९८७ साली तो मिशिगनमध्येच पीएच.डी. करत होता. त्याच्या मॅक प्लसच्या पडद्याला फक्त काळा ठिपका आणि पांढरा ठिपका एवढंच ठाऊक, म्हणून करड्या छटा दाखवणारा 'डिस्प्ले' नावाचा एक प्रोग्रॅम त्याने लिहिला. जॉन तेव्हा इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिकमध्ये, म्हणजे जॉर्ज लुकासच्या स्पेशल इफेक्ट्सच्या कंपनीत होता. त्याला यात दम दिसला, आणि मग भावाच्या मागे त्याची भुणभुण सुरू झाली.. हे घाल, ते घाल.

विकायला निघाल्यावर दाखवायला एक रंगीत फोटो हवा होता. तेव्हा स्कॅनर म्हणजे दुर्मिळ चीज, स्कॅन केलेले फोटो मिळायचे कुठे? जॉनकडे १९८७ मध्येच बोरा बोरा बेटावर काढलेला मैत्रिणीचा फोटो होता. ती किनाऱ्यावर पाठमोरी बसलेली, समोर समुद्र. (पुढे लग्नही झालं त्यांचं.) तो फोटो त्याने अ‍ॅपलच्या लॅबमध्ये स्कॅन करून घेतला, आणि डेमोत लोकांसमोर बेट दुसरीकडे उमटव, जेनिफर एकाच्या दोन कर, असले प्रकार तो करून दाखवायचा. १९८८ मध्ये अ‍ॅडोबीशी बोलणी जमली आणि फेब्रुवारी १९९० मध्ये फोटोशॉप १.० बाजारात आलं.

आता डेमो आणि शिकवणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. डेमोत बघणाऱ्याचं तोंड उघडं राहतं, हात मात्र मांडीवरच असतात. पण त्या काळी चाललं, कारण पहिले गिऱ्हाईक छपाई, जाहिरात आणि फोटोच्या धंद्यातले होते. मास्क म्हणजे काय हे त्यांना सांगावं लागत नव्हतं. आपल्याकडेही जुन्या स्टुडिओत निगेटिव्हवर पेन्सिलने 'टचिंग' करणारे कारागीर होतेच, त्यांच्या डोळ्यांना यातलं निम्मं आधीच येत होतं. अडला तो नंतर आलेला माणूस, ज्याच्या हातात डिजिटल कॅमेरा आधी पडला आणि डार्करूम कधीच नाही.

शिवाय चुकायची सोय नव्हती! फोटोशॉपमध्ये १९९८ सालच्या ५.० पर्यंत अन्डू एकच पायरी मागे जायचं. हिस्टरी पॅलेट आलं त्यानंतर. नवशिक्याला तिसऱ्या पायरीवर कळतं की आपलं पहिल्या पायरीवरच चुकलं होतं. माझ्या मते शिकवणाऱ्यांच्या दृष्टीने ५.० चा हा बदल १९९४ सालच्या लेयर्सइतकाच मोठा, पण कौतुक कायम लेयर्सचं.

फुकटातल्या बाजूला गिम्प. १९९५ मध्ये बर्कलीच्या स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या विद्यार्थ्यांनी सुरू केलेला. तिथल्या एक्सपेरिमेंटल कम्प्युटिंग फॅसिलिटी या विद्यार्थी गटावरून गिम्पच्या फाइलला 'एक्ससीएफ' हे नाव मिळालं. लिनक्सचा पेंग्विन लॅरी युइंगने १९९६ मध्ये गिम्पमध्येच काढला. १.० आलं १९९८ ला. पण प्रोग्रॅमरांनी प्रोग्रॅमरांसाठी लिहिलेली वस्तू ती, तिची माहिती वाचणं म्हणजे दिव्यच. (आमच्या धंद्यात डॉक्युमेंटेशन रिलीजच्या आदल्या रात्री लिहितात, त्यामुळे नवल नाही वाटलं.) २००० साली कॅरी बंक्स यांचं 'ग्रॉकिंग द गिम्प' आलं, ते नेटवरही फुकट ठेवलेलं. २००७ मध्ये जर्मनीतल्या ब्रेमेन शहरातून रोल्फ स्टाइनॉर्ट यांनी 'मीट द गिम्प' ही व्हिडिओंची मालिका सुरू केली. एक फोटो घ्यायचा आणि आपण काय करतोय, का करतोय ते बोलत बोलत तो सुधारायचा.

आणि इथे गोष्ट पवईला येते. आयआयटी मुंबईत केमिकल इंजिनिअरिंगचे प्रा. कण्णन मौद्गल्य यांनी केंद्र सरकारच्या मदतीने 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्प उभा केला. दहाएक मिनिटांचे धडे, सॉफ्टवेअर मुक्त, पडदा इंग्रजीच ठेवायचा आणि फक्त आवाज भारतीय भाषांत बदलायचा. गिम्पसाठी त्यांनी स्टाइनॉर्ट यांचे धडे घेतले, आणि त्यांचे मराठी भागही झाले. त्यात मराठी आवाज शांतपणे सांगतो की मी रोल्फ स्टाइनॉर्ट, उत्तर जर्मनीतल्या ब्रेमेनहून बोलतोय. पहिल्यांदा हसू येतं, पण दुसऱ्या मिनिटाला आपण फोटोत गुंतलेलो असतो.

मला या प्रकल्पातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे 'नॉव्हिस चेक'. धड्याची संहिता तयार झाली की ती सॉफ्टवेअर न येणाऱ्या माणसाकडे द्यायची. तो जिथे अडला तिथे संहिता दुरुस्त करायची. अडणाऱ्याला दोष नाही. दुसरी गोष्ट, अर्ध्या पडद्यावर धडा आणि अर्ध्यावर सॉफ्टवेअर ठेवून बरोबरीने करत जायचं. हात मांडीवर नाहीत!

माझ्या मावशीकडे आजोबांचा एकच फोटो आहे, बुरशीचे पांढरे ठिपके पडलेला. तो तिला स्वतःच साफ करायचा होता. "तू करून देऊ नकोस, मला दाखव," म्हणाली. क्लोन टूल तिला दहा मिनिटांत जमलं. कंट्रोल दाबून चांगल्या जागी क्लिक आणि मग ठिपक्यावर घासायचं, बस. भीती एकाच गोष्टीची होती, स्कॅनची मूळ फाइल बिघडण्याची. तिथे गिम्प २.८ कामी आलं. मे २०१२ च्या या आवृत्तीपासून 'सेव्ह' केलं की फक्त एक्ससीएफ बनते, जेपीईजी हवी तर वेगळं 'एक्स्पोर्ट' करावं लागतं. जुन्या वापरणाऱ्यांनी तेव्हा प्रचंड बोंबाबोंब केली होती, एका क्लिकचे दोन झाले म्हणून. पण मावशीने घाबरून चार वेळा सेव्ह दाबलं तरी स्कॅन जसाच्या तसा राहिला. मी गिम्पवाल्यांच्या बाजूने.

मराठी धडे बघणार असाल तर एक अडचण सांगून ठेवतो. ते जुन्या गिम्पवर केलेले आहेत, त्यात टूलबॉक्स आणि फोटो वेगवेगळ्या खिडक्यांत दिसतात. २०१८ च्या २.१० पासून सगळं एकाच खिडकीत उघडतं, आणि मार्च २०२५ मध्ये ३.० आलं. 'विंडोज' मेनूत 'सिंगल-विंडो मोड'ची खूण काढा, जुनी मांडणी परत येईल. टूल्सही आता एकमेकांमागे गटागटाने दडलेली असतात. 'प्रेफरन्सेस'मध्ये टूलबॉक्सखाली टूल ग्रुप्सचा पर्याय आहे तो बंद करा, म्हणजे लॉलीपॉप पुन्हा समोर दिसेल.