राखेची भिंत

आपल्याकडील वीटभट्टीवर मातीत राख कालवतात, हे पुष्कळांनी पाहिले असेल. तेव्हा कचऱ्याची राख बांधकामास लावणे ही अगदी आजची युक्ती आहे असे कोणी म्हणेल, तर ते आम्ही मान्य करणार नाही. या विद्येला मोठा इतिहास आहे, आणि ती राख चाळली कोणी, हा त्यातील आमच्या मते मुख्य प्रश्न आहे.

एकोणिसाव्या शतकातील लंडन घ्या. घरोघर दगडी कोळसा जळे आणि कचऱ्यात राखच अधिक असे. ठेकेदार ती आपल्या आवारात नेऊन तिचे ढीग रचीत. चाळलेली बारीक राख वीटवाले मातीत मिसळीत. अर्धवट जळालेला कोळसा सरपणास वापरीत. राखेतील कोळशाच्या कणांमुळे वीट आतूनही भाजून निघे. एके काळी हा कचरा उचलण्याच्या हक्कासाठी ठेकेदारच उलट पैसे मोजीत, इतके त्याचे मोल होते. हेन्री मेह्यू यांच्या 1851 सालच्या ग्रंथात या आवारातील बायकांचे वर्णन आहे. धुळीच्या ढिगात बसून त्या चाळण्या हलवीत. नफा ठेकेदाराच्या तिजोरीत जाई आणि धूळ त्यांच्या छातीत.

पुढे शहरे कचरा जाळू लागली. नॉटिंगहॅमला 1874 साली अशी भट्टी उभी राहिली. तिच्यात राख वितळून घट्ट खंगर बने. लिव्हरपूलचे नगर अभियंता जॉन ब्रोडी यांनी असल्या खंगराची खडी काँक्रीटमध्ये घालून भिंतीच आयत्या ओतविल्या आणि 1905 साली एल्डन स्ट्रीटवर मजुरांसाठी इमारत बांधली. शहराने टाकलेल्या वस्तूतून शहर चालविणाऱ्यांस घर मिळाले, म्हणून आम्हांस ही गोष्ट मोलाची वाटते.

पण कचरा बदलला. त्यात प्लास्टिक आले, रंग आले, बॅटऱ्या आल्या. आता भट्टीच्या तळाशी उरते ती एक राख आणि धूर गाळताना सापडते ती दुसरी. पहिलीतील लोखंड चुंबकाने काढून, ती काही आठवडे उघड्यावर मुरवून रस्त्याच्या भरावास वापरता येते. दुसरीत शिसे, कॅडमियम व डायॉक्सिन ही विषे साठतात. इंग्लंडातील न्यूकॅसल येथे 1994 ते 1999 या काळात बायकर भट्टीची राख, दोन्ही प्रकार एकत्र करून, पायवाटांवर व भाजीच्या मळ्यांत पसरली गेली. रहिवाशांनी आवाज उठविला, तपासणीत डायॉक्सिन सापडले, मळ्यांतील कोंबड्यांची अंडी खाऊ नका असे सांगण्याची पाळी आली आणि राख पुन्हा उचलून न्यावी लागली.

म्हणून राख टाकूनच द्यावी काय? तसे नाही. सफोक परगण्यातील ब्रँडन येथे 2012 साली सुरू झालेल्या कारखान्याने दुसऱ्या प्रकारच्या राखेवर कार्बन डायॉक्साइड सोडून तिची खडी बनविली. त्या वायूने राखेतील चुन्याची चुनखडी होते, जड धातू तीत बांधले जातात आणि खडी भिंतींच्या ठोकळ्यांत जाते.

म्हणजे विद्या आहे. तिला खर्च येतो. तो खर्च वाचविला की तो चाळणाऱ्या बाईच्या छातीतून किंवा मळेवाल्याच्या ताटातून वसूल होतो. आपल्या गावी असा कारखाना निघाला तर त्याचे स्वागत करावे. मात्र राखेच्या तपासणीचा निकाल दर महिन्यास फाटकावर, कामगारास वाचता येईल अशा भाषेत लागला पाहिजे, ही अट आधी मान्य करून घ्यावी.