मेदिची घराण्याचा काफाज्जोलो व्हिला : तटबंदीचा अर्थ

प्रस्तावना
युरोपीय प्रबोधनकाळातील व्हिला म्हटला की मोकळे सज्जे व बागा डोळ्यांसमोर येतात. फ्लॉरेन्सच्या उत्तरेस मुजेल्लो खोऱ्यातील काफाज्जोलो व्हिला मात्र प्रथमदर्शनी आपल्याकडील गढीसारखा भासतो. पेढीवर मोठ्या झालेल्या घराण्यास अशा वास्तूची गरज का वाटली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पेढी आणि जमीन
मेदिची मूळचे मुजेल्लोचे. जिओव्हान्नी दि बिच्ची याने १३९७ मध्ये फ्लॉरेन्स येथे पेढी स्थापन केली. पोपच्या दरबाराचे आर्थिक व्यवहार हा तिच्या नफ्याचा प्रमुख आधार होता. तथापि रोख संपत्ती व राजकीय प्रभाव दोन्ही अस्थिर होते. १४३३ मध्ये जिओव्हान्नीचा पुत्र कोसिमो मुजेल्लोतील आपल्या जमिनीवर असतानाच त्यास फ्लॉरेन्सला बोलावून घेऊन अटक करण्यात आली व पुढे हद्दपार करण्यात आले. १४३४ मध्ये तो परतला.

वास्तूचे स्वरूप
पंधराव्या शतकाच्या मध्यास कोसिमोने मिकेलोत्सो या वास्तुविशारदाकडून जुन्या तटबंदीयुक्त वास्तूची पुनर्रचना करविली. बुरूज, खंदक व तटावरील चऱ्या कायम राहिल्या. त्यांस निवासाच्या सोयी व बागेची जोड मिळाली. भोवतालची शेती प्रामुख्याने अर्धेलीने कसली जाई. तोफांच्या युगात असा तट मोठा वेढा सोसणारा नव्हता. परंतु कुळांना व शेजाऱ्यांना धन्याची सत्ता दाखविण्यास तो पुरेसा होता. पात्सी कटात १४७८ मध्ये लोरेन्झोचा बंधू जुलियानो मारला गेला. त्याच वर्षी लोरेन्झोची पत्नी व मुले कवी पोलित्सियानोसह येथे राहिली. आश्रयस्थान म्हणूनही वास्तूचा उपयोग होता, हे यावरून दिसते.

निष्कर्ष
तटबंदी शत्रूपासून रक्षण करू शकते, कर्जापासून नव्हे. आपल्या पालकत्वाखालील चुलत शाखेतील भावंडांचा पैसा लोरेन्झोने वापरला होता. त्याच्या फेडीपोटी १४८५ मध्ये काफाज्जोलो त्यांच्याकडे गेला. १४९४ मध्ये मेदिची फ्लॉरेन्समधून हाकलले गेले आणि पेढीही संपुष्टात आली. फ्लॉरेन्सचे ड्यूकपद घराण्यात आले ते १५३२ मध्ये. म्हणजेच ज्या सरदारी रूपात काफाज्जोलो उभा राहिला, ती सरदारकी मेदिचींना पेढी बुडाल्यानंतर मिळाली. २०१३ मध्ये युनेस्कोने मेदिची व्हिलांच्या जागतिक वारसा यादीत त्याचा समावेश केला. बागांच्या सौंदर्याबरोबरच त्यामागील असुरक्षिततेचाही अभ्यास झाल्याशिवाय प्रबोधनकालीन वास्तुकलेचे आकलन पूर्ण होत नाही.