नगर जिल्ह्यातील गहू आणि ‘संकरित’ हा शब्द

१९६० नंतरच्या दशकात आलेल्या आखूड ताटाच्या गव्हाला महाराष्ट्रात सर्रास ‘हायब्रीड’ म्हटले गेले. १९६४ मध्ये सी.एस.एच.-१ ही ज्वारी व १९६५ मध्ये एच.बी.-१ ही बाजरी प्रसृत झाली होती. त्यांचे नाव गव्हासही चिकटले. शास्त्रदृष्ट्या ते चूक होते. संकरित ज्वारीचे बी दरवर्षी विकत घ्यावे लागते. गव्हाचे नवे वाण मात्र संकरानंतर पिढ्यान्‌पिढ्या निवड करून स्थिर केलेले सरळ वाण होते आणि त्यांचे घरचे बी पुन्हा पेरता येत असे. शेतकरी बियाण्याच्या बाजारावर कोणत्या पिकामुळे अवलंबून झाला, हे ठरविताना हा भेद विसरून चालत नाही.

अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्हा पर्जन्यछायेचा. येथे जिरायतीत बन्सी, तर पाटपाण्याखाली खपली गहू घेण्याची दख्खनची जुनी रीत होती. खपलीचा दाणा टरफलातून सहज सुटत नाही. परंतु तांबेऱ्यास ती दाद देत नसे, आणि ओलिताच्या गव्हाचा तोच मोठा शत्रू. निलगिरीसारख्या दक्षिणेकडील डोंगरांत टिकून राहिलेले काळ्या तांबेऱ्याचे बीजाणू वाऱ्याबरोबर दख्खनमध्ये उतरतात, हे आग्र्याच्या करमचंद मेहता यांच्या संशोधनातून पुढे आले. १९२२ मध्ये अमेरिकेत स्टॅकमन व लेव्हिन यांनी तांबेऱ्याच्या जाती ओळखण्यासाठी जे बारा गहू निवडले, त्यांत ‘खपली’ याच नावाने हा गहू होता. आपल्याकडे मात्र तो बहुधा खिरीपुरता आठवला जातो.

या भागाचे गहू-संशोधन शेजारच्या नाशिक जिल्ह्यात, निफाडला झाले. स्थळ परके नव्हे. निफाड तालुक्यातील नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्याचेच पाणी कालव्याने कोपरगावकडे येते. निफाड-४ हा तेथला निवड वाण तांबेऱ्यास बळी पडे. १९४६-४७ च्या साथीत मध्य भारतातील गव्हाची मोठी हानी झाली, तेव्हा रोगप्रतिकाराची निकड सर्वांनाच पटली. केनियातील प्रतिकारक गव्हाशी निफाड-४ चा संकर करून ‘केनफड’ वाण निर्माण झाले. नावातच दोन्ही कुळे नांदतात. पण ताट उंच असल्याने जुने गहू भरपूर नत्र दिल्यास लोळत. ती अडचण जपानी ‘नोरीन १०’ चा वारसा सांगणाऱ्या मेक्सिकन गव्हाने दूर केली. १९६६ मध्ये त्याचे सुमारे १८,००० टन बी देशात आले. पुढे राहुरीस कृषी विद्यापीठ झाले, निफाडचे केंद्र त्याच्याकडे आले, आणि एन.आय. ५४३९, त्र्यंबक यांसारखे वाण निघाले. हेही सरळ वाणच.

खऱ्या अर्थाने संकरित गव्हाचा मार्ग १९६२ मध्ये कॅन्सासच्या विल्सन व रॉस यांना गवसला. टिमोफीव्ही गव्हाच्या पेशीद्रव्यामुळे नरवंध्यत्व आणता येते, असे त्यांनी दाखविले. तथापि गव्हाचे फूल मिटूनच स्वपरागित होते आणि त्याचा पराग दूर जात नाही. म्हणून संकरित बी थोडे व महाग पडते. शिवाय हेक्टरी ज्वारीस दहा किलो बी पुरते, तर गव्हास शंभराहून अधिक लागते. चालू शतकाच्या आरंभी जालन्याच्या महिको कंपनीने संकरित गहू बाजारात आणला, परंतु सरळ वाणांची जागा त्याला घेता आली नाही.